गंधाचं बोट

हरणाबाई कोपराच्या वरचं काही बघत नसे. खांदा निखळलेला माणूस आला, पाय मोडलेला आला, कंबर धरलेला आला, की ती बसल्या जागेवरून हात जोडायची. "माजं राज कोपरापासनं बोटाच्या नकापत्तोर. त्याच्या भाईरचं दुसऱ्या कुनाला दावा." आणि रक्त वाहत असलं, हाड कातडी फोडून वर आलं असलं, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "हितं टेकूसुदिक नगासा. गाडी जुपा आन मिरजंच्या दवाखान्यात जावा. डाक्टरानं शिवलं, बांदलं, सोडलं, की मग माज्याकडं या."

त्या 'मग'मध्ये तिची सगळी विद्या होती. डॉक्टरनं सोडलेला, हाडवैद्यानं सोडलेला, जखम भरलेला, हाड जुळलेला, आणि तरीही लाकडाच्या उलथन्यासारखा मनगटाला लटकत राहिलेला हात. असा हात घेऊन माणसं आटपाडीपासून तीन कोसांवरच्या धनगरवाडीत तिच्या दारात येत. बाभळीखाली बसत. ती लोकर कातत कातत त्यांचा हात आपल्या मांडीवर घ्यायची, एकेक बोट असं चाचपायची, की जणू मेंढराच्या कळपात आपलं कोकरू शोधतेय. आणि म्हणायची, "हाड आपसूक बसतंय, बाबा. हात बसवाय लागतोय."

कुठल्या शाळेत शिकली, असं विचारणारे होते. त्यांनी खुशाल विचारावं. हरणाबाईची शाळा तिच्या स्वतःच्या उजव्या मनगटात होती. चौदा वर्षांची असताना माणगंगेच्या दरडीवरून एक कोकरू घसरलं, त्याला धरायला ही गेली आणि मनगटावर पडली. हाडवैद्यानं बांबूच्या कांब्या लावून करकचून बांधलं. सहा आठवड्यांनी सोडलं तेव्हा हाड जुळलेलं होतं, पण मूठ मिटत नव्हती आणि तळवा उताणा होत नव्हता. सासू रंगुबाई म्हणजे जात्याची तळी. ती म्हणाली, "हात चालत न्हाई? मग चालव." आणि चाळीस शेळ्यांची धार हिच्यावर टाकली.

पहिले आठ दिवस हरणाबाई शेळीच्या पोटाला डोकं लावून रडली. नवव्या दिवशी अंगठा हलला. रंगुबाईनं दयेपोटी काही केलं नव्हतं, आणि हरणाबाईनंही तिचे उपकार कधी मानले नाहीत. पण तिनं एक गोष्ट डोक्यात पक्की केली: धारेनं अंगठा सुटतो. मग ती प्रत्येक कामाकडं त्याच नजरेनं बघू लागली. लोकर कातायची चाती फिरवली की कुठली दोन बोटं जागी होतात? भाकरी थापताना तळवा का ताणतो? जात्याचा खुंटा ओढताना मनगट कुठं वळतं? घरकाम म्हणून बायका जे जन्मभर उपसतात, त्यातलं कुठलं काम कुठल्या सांध्याला लागू पडतं, हे तिनं वीस वर्षांत बोटांवर मोजून ठेवलं. औषधाची एक बाटली तिच्या घरात नव्हती. होती ती चाती, परात, शेळी आणि जातं.

पंचेचाळीस साली लढाई संपली तशी तिच्या बाभळीखाली गर्दी वाढली. पलटणीतून आलेले, हातात छऱ्यांचे वण घेऊन आलेले गडी दोन दोन दिवस चालत यायचे. लांब मिशीचा एखादा हवालदार शेळीखाली बसून धार काढताना दिसला, की हरणाबाईचा नवरा आकाराम कडक सलाम ठोकायचा.

तिची बिदागी वेगळीच होती. हात बरा झाला की त्या माणसानं आपल्या धंद्यातलं पहिलं काम तिच्या डोळ्यांपुढं करायचं. कुंभारानं मडकं घडवायचं, पैलवानानं तिच्यासमोर खडाखडी करायची. ते बघितल्याशिवाय ती कुणाला 'बरा झालास' म्हणत नसे. एकदा खरसुंडीच्या न्हाव्याचा हात बरा झाला. तेव्हा दाढीला गडी कोण? आकाराम.

"हरणे," वस्तरा गळ्यावर असताना तो हळूच म्हणाला, "विलाज तुजा, आन परीक्षा माज्या नरड्यावर व्हय गं?"

"हलू नगासा," हरणाबाई म्हणाली. "त्याचा न्हाई, तुमचाच भरवसा न्हाई मला."

सेहेचाळीस सालच्या आषाढात जोतीराम गुळव्या तिच्याकडं आला. ताकारीजवळचा, कृष्णेकाठचा. विट्यापर्यंत सर्व्हिस मोटारनं आणि पुढं पायी. वयानं चाळिशीचा, उंचापुरा, कपाळाला गंध, डोक्याला ताठ फेटा. उजवा हात मात्र कोपरापासून बोटांपर्यंत काळ्या फडक्यात गुंडाळलेला, वरून आणखी उपरणं.

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा राजा. ऊस मालकाचा, बैल मालकाचे, काहिल मालकाची; पण रस शिजून गूळ कधी झाला हे सांगणार गुळव्या. थंड पाण्यात बोटं बुडवायची, उकळत्या काहिलीतला पाक चिमटीत उचलायचा, पुन्हा पाण्यात धरून त्याची गोळी वळायची. गोळी मऊ लागली तर गूळ पाझरतो, कडक लागली तर दगड होतो. दोन्हीच्या मधला जो क्षण आहे तो जोतीरामच्या चिमटीला कळायचा, आणि चार गावं त्या चिमटीला नावाजायची.

माघात काहिल उतरवताना कडं निसटलं आणि पाक त्याच्या हातावर आला. मिरजेच्या दवाखान्यात महिनाभर राहिला. डॉक्टरांनी हात वाचवला, आणि सोडताना बजावून सांगितलं, की बोटं रोज हलवत राहा, हात मोकळा ठेवा.

"मग ह्ये फडकं कशाला?" हरणाबाईनं विचारलं.

जोतीराम खाली बघून म्हणाला, "बायकूनं बांदलंय. नावाजलेला हात हाय आक्का. लोकांच्या नजरंनंच भाजला, म्हनती ती. आनी दृष्ट लागाय नगो म्हणून झाकलाय."

"कवापासनं?"

"चार म्हैनं झालं."

हरणाबाईनं चाती खाली ठेवली. ती सहसा ठेवत नसे. "गुळवं, पाकानं भाजला त्यो डाक्टरानं बरा केला. मारला त्यो ह्या फडक्यानं. सोडा."

फडकं सुटलं. बोटं कोंबडीच्या पायासारखी आत वळलेली, कातडी तकतकीत आणि ताणलेली. तिनं तर्जनी धरून उलगडायचा प्रयत्न केला तसा जोतीराम ओठ चावून आभाळाकडं बघू लागला.

"गुऱ्हाळ कवा चालू हुतंय?"

"दिवाळी झाल्याबरुबर. मालक भाऊसो म्हणत्यात, हात न्हाई आला तर कराडकडचा गुळव्या आनतो. एकदा दुसरा बसला आक्का, की मी कायमचा उठलो." त्यानं वळलेली बोटं डाव्या मुठीत धरली. "मला दुसरं काय येत न्हाई."

"चार म्हैनं तुमी घालीवलं. मला चार म्हैनं द्या," हरणाबाई म्हणाली. "पर मी सांगंन ती करायचं. लाज वाटली तर आत्ताच विट्याची वाट धरा."

दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. सकाळी धार. मग कच्ची लोकर पिंजणं आणि कातणं. न धुतलेल्या लोकरीला जो तेलकट चिकटा असतो, तो ताठ कातडीला मऊ करतो, हे तिला धनगराची पोर म्हणून ठाऊक होतं. मेंढरं कातरणाऱ्याच्या हाताला कधी भेग पडत नाही. रात्री बोटांखाली बांबूची पातळ कांबी, लोकरीच्या धाग्यानं सैल बांधलेली. रोज एक पीळ जास्त. करकचून नाही. "करकचून बांदलं की हात काळा पडतोय. हाताला समजावायचं असतंय, दरडवायचं नसतंय."

इथवर जोतीरामनं सगळं केलं. तिसऱ्या आठवड्यात तिनं पुढ्यात परात सरकवली आणि म्हणाली, "तळवा उगडाय पायजे. भाकरी थापा."

जोतीराम उठून उभा राहिला. "आक्का, मी बाप्यामाणूस हाय."

"बरं मग?"

"जन्मात भाकरी थापली न्हाई. थापनारबी न्हाई. बायका हसत्याल."

"गुऱ्हाळात काय करता वं तुमी?" हरणाबाईनं शांतपणं विचारलं. "जाळापुढं बसता. काहिलीत ढवळता. उतू जातंय का बगता. चव बगता. बायका दुसरं काय करत्यात? तुमची काहिल तेवडी मोठी, येवडाच फरक!"

बाभळीखालचे दोन पलटणवाले खो खो हसले. आकाराम म्हणाला, "बसा गुळवं बसा. मीबी तिच्यापुढं असाच उबा ऱ्हायलो हुतो, लगीन हुस्तोवर."

जोतीराम बसला. पहिली भाकरी बेडकासारखी झाली. दुसरी फाटली. दहाव्या दिवशी गोल झाली, आणि नेमकी त्याच दिवशी त्याची बायको शालूबाई डोक्यावर गुळाची ढेप घेऊन नवऱ्याला बघायला वाडीत आली. बघते तर दारात चूल, चुलीपुढं नवरा, हातात भाकरी, आणि भोवती धनगराच्या चार बाया वाकून वाकून सल्ला देतायत, "कडंनं दाबा दाजी, कडंनं!"

"आगं बया!" शालूबाईनं ढेप धाडकन खाली टाकली. "माज्या मालकाला भाकरी थापाय बशीवलंय? आनी हात उगडा? समद्यांच्या म्होरं उगडा? कोन ती हरणाबाई?"

"मीच. बसा, पानी पिवा."

"पानी नगो मला! घरात एक काडी उचलू दिली न्हवती मी त्येनला. घास भरवत हुते. चार म्हैनं!"

"म्हणूनच तर आल्यात ह्ये माज्याकडं," हरणाबाई म्हणाली. "तुमी माया केली, आन मायेनं हात आखडला. आता जरा माया बाजूला ठेवा. जोतीराम, दावा."

जोतीरामनं भाकरी तव्यावर टाकली, पिठाचा हात वर केला आणि बोटं हळूहळू उघडली. पुरती नाही, पण उघडली. मग मिटली. शालूबाई पुढं आली, नवऱ्याच्या तळव्याला बोट लावलं, आणि एकदम पदरानं नाक पुसत म्हणाली, "भाकरी करपाय लागलीया बगा तुमची."

त्या रात्री ती भाकरी तिनं एकटीनं खाल्ली. कुणाला तुकडासुद्धा दिला नाही.

हरणाबाईला वाटलं, जिंकलं. भादवा सरता सरता जोतीराम मूठ आवळत होता, दोर ओढत होता. मग तिनं सहज म्हणून शेवटची परीक्षा घेतली. त्याच काळ्या फडक्यानं त्याचे डोळे बांधले आणि परातीत बाजरी, मटकी, हुलगा आणि जवस मिसळून ठेवलं. "चिमटीत घ्या आन काय हाय ती सांगा."

जोतीरामनं अंगठा आणि पुढच्या दोन बोटांत दाणा धरला. "बाजरी." हुलगा होता. "मटकी." जवस होता. पाच वेळा उचललं, पाच वेळा चुकलं. सहाव्यांदा चिमटीत काहीच नव्हतं, तरी तो "बाजरी" म्हणाला.

त्यानं फडकं ओढून काढलं. तर्जनी आणि मधलं बोट हलत होतं, वळत होतं, पकडत होतं. पण शेंड्याची कातडी मेली होती. तिला हुलगा आणि जवस एकच. मग मऊ गोळी आणि कडक गोळीही एकच.

"झालं," जोतीराम म्हणाला. "भाकरी थापनारा गुळव्या. आना कराडचा."

आजवर हरणाबाईनं हात चालवले होते. मेलेली कातडी जागी करणारं काम ना चुलीजवळ होतं, ना गोठ्यात. ती रात्रभर चरफडली. आकारामनं "झोप की गं" म्हटलं, तेव्हा त्याच्यावरच डाफरली.

सकाळी ती शेळ्यांकडं निघाली, तेव्हा जोतीराम अंघोळ करून बिरोबाच्या देवळात उभा होता. जायची तयारी करून, गाठोडं बांधून. जाण्याआधी देवाला गंध लावत होता. हरणाबाई दारातच थबकली. त्यानं गंध घेतलं ते करंगळीशेजारच्या बोटानं. त्या बोटाला पाकाचा नुसता शिंतोडा उडाला होता.

"गुळवं, ती बोट!"

"आँ?"

"देवाला गंध लावताय ती बोट. त्याला ह्ये गंध थंड लागतंय का?"

जोतीरामनं बोट बघितलं. "लागतंय की."

"अंगठा?"

"त्योबी थोडा जागा हाय."

"मग गोळी त्या दोन बोटांत वळा."

जोतीरामचा चेहरा कसनुसा झाला. "आक्का, गोळी पुढल्या बोटांनी वळायची रीत हाय. माजा बा तसंच करायचा, आजा तसंच करायचा. लोक काय म्हंत्याल?"

आता मात्र हरणाबाईचं डोकं फिरलं. "आधी म्हनला दृष्ट लागंल. मग म्हनला बायका हसत्याल. आता लोक काय म्हंत्याल! आवं, ज्या बोटानं देवाला शिवता, ती बोट गुळाला बाटतंय व्हय? सोडा ती गाठोडं!"

गाठोडं सुटलं. शालूबाईनं आणलेली ढेप फोडली, पाण्यात विरघळवली आणि हरणाबाईच्या चुलीवर छोट्या कढईत पुन्हा आटवायला घेतली. जोतीराम गंधाच्या बोटानं पाक उचलायचा, पाण्यात धरायचा, गोळी वळायचा, आणि पुढल्या क्षणाला कढई उतरवायचा. ते बोट आडमुठं होतं. जन्मभर कधी काम न केलेलं. पहिले आठ दिवस जो गूळ झाला तो एक तर बोटानं चाटावा, नाहीतर पाट्यावर फोडावा. आकाराम प्रत्येक कढईची चव घ्यायचा. एके दिवशी तो गाल धरून बाहेर आला. "हरणे, न्हाव्यातनं वाचलो, पर ह्येच्यात दाढ गेली बग."

दसऱ्याला कढईतला गूळ दाणेदार पडला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी हरणाबाईनं जोतीरामच्या डोळ्यांवर फडकं बांधून गोळी बघायला लावली. त्यानं वेळ बरोबर सांगितली. तिनं मान हलवली, पण 'बरा झालास' म्हणाली नाही. "ती भाऊसोच्या काहिलीपुढं म्हनंन."

दिवाळीनंतर धनगरांची मेंढरं नदीकाठाला उतरतात. त्या साली हरणाबाईनं कळप मुद्दाम ताकारीच्या अंगाला वळवला. गुऱ्हाळाची पहिली काहिल चढायची होती. चुलवाण धडाडत होतं, बैल चरकाभोवती फिरत होते, भेंडीच्या पाण्यानं रसावर मळी वर आली होती. बाजल्यावर एक पाहुणा बसला होता, कराडकडचा, पान चघळत. भाऊसो जुना माणूस, तोंडावर बोलणारा. तो म्हणाला, "जोतीराम, पयलं आदण तुजं. येवडा मान मी ठेवतो. पर चुकलं तर दुसऱ्या आदणाला पावनं उठत्याल. मग मला बोल लावू नगो."

"न्हाई लावत," जोतीराम म्हणाला. त्याचा हात उघडा होता.

रस आटला. फेस पिवळा झाला, मग लाल, मग काहिलीच्या मध्यातून फुगे फुटून फुसफुस आवाज येऊ लागला. जोतीराम पुढं झाला. थंड पाण्यात बोटं बुडवली आणि अंगठा नि गंधाच्या बोटानं पाक उचलला.

"आरं गड्या, ह्यो काय काहिलीला गंध लावतोय का काय?" जळण घालणारा ओरडला. हशा झाला. शालूबाईनं डोळे मिटले. हरणाबाईनं मिटले नाहीत.

गोळी वळली. पाहुणा बाजल्यावरून उठून आला, त्यानंही चिमूट घेतली, आपल्या तीन बोटांत फिरवली आणि म्हणाला, "झाली. उतरा."

गडी कड्यांना हात घालायला वाकले.

"हात लावू नगा!" जोतीराम म्हणाला. "अजून न्हाई."

"आरं करपंल," पाहुणा म्हणाला. "तीस वरसं गोळ्या बगतोय मी."

भाऊसो एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघू लागला. गडी वाकलेलेच राहिले. जोतीरामनं पुन्हा चिमूट घेतली. पाण्यात धरली. पुन्हा एक. कपाळावरचा घाम गंधावरून नाकावर आला, तरी त्यानं पुसला नाही. तिसरी गोळी गंधाच्या बोटाखाली वळली आणि त्याच्या तोंडावर जे उमटलं ते हरणाबाईनं आधी वाडीत, दसऱ्याच्या कढईपुढं बघितलं होतं.

"उतरा!"

काहिल उतरली. गूळ निववायच्या वाफ्यात ओतला, फावड्यानं वर-खाली केला. थोड्या वेळानं कडेला रवा धरू लागला. सोन्यासारखा पिवळा, दाणा मोकळा. पाहुण्यानं वाफ्यातला एक खडा उचलला, दातांनी फोडला, बराच वेळ चघळला. मग पहिली चिमूट घेतलेलं आपलं बोट बघितलं.

"आमच्याकडचा ऊस येगळा," तो म्हणाला. "ह्यो नदीचा ऊस त्यालाच ठावं. भाऊसो, माजी गाडी जुपून द्या."

भाऊसोनं स्वतःच्या डोक्याचा फेटा काढून जोतीरामच्या फेट्यावरच बांधायला घेतला. त्या गोंधळात शालूबाई लगबगीनं पुढं आली. जोतीरामच्या गाठोड्यातून घरी आलेलं तेच काळं फडकं कनवटीतून काढलं आणि नवऱ्याच्या हाताकडं नेलं. "समदी बगाय लागल्यात. आता तरी झाकू द्या."

जोतीरामनं फडकं तिच्या हातातून घेतलं. एकदा हरणाबाईकडं बघितलं. मग वाकून ते काहिलीच्या तापलेल्या कड्याला गुंडाळलं, म्हणजे पुढच्या आदणाला उचलताना कुणाचा हात निसटू नये.

"आता बरा झालास," हरणाबाई म्हणाली. अहो-जाहो सोडून पहिल्यांदाच. आणि धारेची वेळ झाली म्हणून शेळ्या-मेंढरांच्या दिशेनं चालू लागली. वाटेत जळण घालणारा गडी तिला आडवा आला, मघाचं हसू विसरून. आखडलेला डावा हात पाठीमागं धरलेला.

"आक्का, तेवडं जरा..."

"भाकरी थापाय येती का?" तिनं चालता चालताच विचारलं.